जीपमधला माणूस

लासूर स्टेशनकडचा तो सरपंचपदाचा उमेदवार माझ्या गुलमंडीतल्या रेकॉर्डिंगच्या खोलीवर दोनदाच आला. अंग पैलवानाचं, मिशा पिळदार आणि आवाज चौथीतल्या पोरीचा. बोलण्याआधी तो दर वेळी खाकरायचा, जणू जाड आवाज आत कुठंतरी अडकून बसलाय.

"फोन उचलला की लोक म्हणतेत, वहिनी, दादाला द्या," तो म्हणाला. "प्रचाराच्या जीपवर लावायचंय. एवढा आवाज जाड करा."

मी त्याचं भाषण भरून घेतलं आणि कॉम्प्युटरवर आवाजाची पट्टी उतरवत गेलो. तो डोळे मिटून ऐकायचा आणि तळहातानं हवा दाबत म्हणायचा, "आणखी खाली घ्या." शेवटी विहिरीतून घुमल्यासारखा आवाज आला, तेव्हा त्यानं उठून स्पीकरलाच रामराम घातला.

आठवड्यानं स्वारी पुन्हा हजर. मी विचारलं, "कसा चाललाय प्रचार?"

"लई जोरात. पण सारं गाव म्हणतंय, तुम्ही माघार घ्या, जीपमधल्या माणसाला उभं करा."

मला हसू आवरेना. तो मात्र गंभीरपणे माईकसमोर बसला. "आता त्यालाच माझा प्रचार करू द्या. आवाज तेवढाच खाली ठेवा." मग खाकरून, परक्या माणसाबद्दल बोलावं तसा तो बोलू लागला :

"गाववाल्यांनो, मी उभा नाय. दादाला मत द्या. त्याचा आवाज बारीक हाय, पण माणूस कधी खोटं बोलत नाय."