विचारून सांगते

"घरी विचारून सांगते, सिस्टर," ललिता घुंघटाआडून म्हणाली. धाकटीला लस टोचायला आणली होती. ही तिसरी मुलगी. मी घुंघट जरासा सारून ललिताची खालची पापणी ओढली. आत पांढरीफटक. बाईच्या अंगात रक्तच नव्हतं.

मी मध्य प्रदेशात, धारकडच्या एका सरकारी दवाखान्यात नर्स. माहेर देवासचं, मराठी. पण ड्युटीवर दिवसभर तोंडात हिंदीच. ललिताला मी कॉपर-टी सुचवली होती. गर्भाशयात बसवायची तांब्याची छोटी वस्तू; मूल हवं झालं की काढता येते. नवऱ्याची सही लागत नाही, बाईचा होकार पुरतो. पण तो मिळायला तर हवा!

सासू बाहेर बाकावर बसली होती. तिला गाठलं, तर म्हणाली, "म्हने कई मालम? छोरा से पूछो."

म्हणजे तिला काय ठाऊक, पोराला विचारा. छोरा म्हणजे ललिताचा नवरा, फाटकाशी मोटरसायकल लावून उभा. मी म्हटलं, "भिया, इसमें खून नहीं है. अभी फिर बच्चा रहा तो जान पर आएगी."

"ये तो औरतों का मामला है, सिस्टर. अम्मा जाने."

म्हणजे फिरून फिरून भोपळे चौकात. मी चिडून डॉक्टरसाहेबांकडे गेले.

"समजावत राहा, मॅडम. जबरदस्ती करता येणार नाही," ते म्हणाले. खरंच होतं ते. लोहाच्या गोळ्या देऊन तिला घरी पाठवलं.

पुढच्या लशीला पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. त्यानंतर आली तेव्हा तिला दिवस गेले होते. ठरवलं कुणीच नव्हतं.

बाळंतपणात मुलगा झाला, पण वाचला नाही. ललिताचा रक्तस्राव थांबेना. मोठ्या हॉस्पिटलला रेफर केलं, ॲम्ब्युलन्समध्ये मी सोबत गेले. तिथल्या सर्जनबाई नवऱ्याला म्हणाल्या, "बच्चेदानी निकालनी पड़ेगी. नहीं तो ये नहीं बचेगी."

त्याची आई शेजारीच उभी होती. त्यानं तिच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. पेन मागितलं आणि सही केली.

ललिता शुद्धीवर आली तेव्हा तोंडावर घुंघट नव्हता. तिचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा धड पाहिला. अगदीच पोरसवदा होती हो.

"सिस्टर, अब तो किसी से पूछना नहीं पड़ेगा ना?"

"नहीं, बेटा." मी म्हटलं आणि बाहेर येऊन रडले.

आमच्या ट्रेनिंगमध्ये सांगतात, निर्णय बाईचा. बाईला आधी एकटीला विचारावं, हेही बरोबरच. ती "विचारून सांगते" म्हणाली, की हल्ली मी सासू, सून, नवरा तिघांना एकाच बाकावर बसवते आणि तिघांना मिळून एकदाच विचारते. मग तिघं एकमेकांकडे बघत बसतात.