एकसष्टावा पेशंट

आमची अनिता, म्हंजी माझी धाकटी जाऊ, लई हट्टी. आमच्या निमोणे गावची सून, पण पुण्याच्या एका दवाखान्यात पेशंटांची माहिती ठेवायचं काम करती. तिथले डॉक्टर स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा अभ्यास करत होते. ऑपरेशनात काढलेल्या गाठीत प्रोटीन न बनवणारा एक आरएनए मोजायचा, आन् तो कमी असला तर माणूस जास्त जगतो का, ते पाच वर्षं बघायचं. मोजायला मशीन होतं. पण कोण जगलं, कोण गेलं, हे मशीन थोडंच सांगतंय? ते अनितानं शोधायचं.

एकसष्ट पेशंटांतले साठ सापडले. कासुर्डीचे सोपानराव तेवढे न्हाईत, आन् त्यांचाच आरएनए सगळ्यांत कमी. डॉक्टर म्हणाले, "फोन लागत नाही म्हणजे गेलेच असतील. शनिवारी यादी बंद करू."

अनिता भडकली. "सर, न बघता माणूस मेला लिहायचा? मग सगळा अभ्यासच खोटा की!"

शुक्रवारी गावी येऊन तिनं मला स्कुटीवर मागं बसवलं आन् न्हावरा, चौफुला करत कासुर्डी गाठली. ढुंगण नुसतं सडकून निघालं माझं. दारात सोपानरावांची सून होती, सीमा. दवाखान्याचं नाव काढताच कडाडली, "तुम्हीच व्हय त्या? ऐन दिवेलागणीला फोन करून 'पेशंट हयात आहेत का' विचारता! असलं अभद्र बोलतं का कुणी? मीच नंबर ब्लॉक केला."

एरवी कुणाचं ऐकून घेईल तर ती अनिता कसली! पण तिनं हात जोडले. "चुकलं माझं. फॉर्मात छापलंय तसंच वाचत गेले. पण सोपानआप्पांची गाठ घेतल्याबिगर मी हलायची न्हाई."

सीमा मळ्याकडं निघाली. मला वाटलं, बांधावरची समाधी दाखवती का काय ही!

शेवंतीच्या सरीत एक वाळका म्हातारा फुलं तोडत होता. अनितानं सगळं सांगितलं. सोपानरावच ते. त्यांनी विचारलं, "मी जगल्याचं लिवून कुणाला काय मिळणार?"

"पुढच्या पेशंटला डॉक्टर खरं सांगू शकतील, आप्पा."

"मग लिव की. चांगलं ठळक लिव."

तिनं 'हयात' लिहिलं आन् तिथंच मातीत बसून हमसून हमसून रडली. मीही रडले, खोटं कशाला बोलू.

म्हातारा पार गडबडला. "अगं पोरी, मी जित्ता हाय! रडती कशाला?"