देवाच्या पायाचं माप

गुरवानं वहाणांवर गोमूत्र शिंपडलं, तेव्हा निम्मं माझ्या आबांच्या तोंडावर उडालं. वहाणा पायरीवर ठेवून लगेच मागं सरायचं असे. आबांना सरायला जरा उशीर झाला होता. त्यांनी तोंड पुसलंसुद्धा नाही.

आम्ही चांभार. जावळीतल्या आमच्या गावचा भैरोबा रात्री राखणीला फिरतो, म्हणून दर जत्रेला त्याला नव्या वहाणा लागायच्या. त्या आमच्याच घरानं करायच्या. कधीपासून? गुरव म्हणायचा, देव आला तेव्हापासून. आमच्या हातचं चामडं थेट गाभाऱ्यात जायचं. आम्ही मात्र पायरीखाली.

मी तेव्हा लहान होते. मनात आलं ते विचारून बसले, देवाच्या पायाला ह्या बसतात का म्हणून. शेजारी पाटील उभा होता. साऱ्या जत्रेला ऐकू जाईल असं बोलला,

"मग काय, द्येवाचं माप घ्यायला तुझ्या बापाला आत सोडू व्हय?"

लोक हसले. आबाही हसले. पाटलाचं बोलणं एखादे वेळी विसरले असते, पण आबांचं ते हसणं नाही. त्या दिवशी मला माझ्या बापाची लाज वाटली. ज्यांनी ती वाटायला लावली, त्यांना मी आजही माफ केलेलं नाही.

माप कुठून यायचं ते मला ठाऊक होतं ना. आबा चामड्यावर स्वतःचा पाय ठेवायचे आणि मी कोळशानं कड ओढायची. देवाचा पायही माणसासारखाच असेल की, असं म्हणायचे. आणि हा माणूस जन्माचा अनवाणी. वरच्या आळीत शिरलं की आम्हाला पायताण हातात घ्यावं लागे, म्हणून त्यांनी स्वतःसाठी कधी केलंच नाही.

स्वातंत्र्याच्या सुमारास देवळं सगळ्यांना खुली करणारा कायदा आला. मेढ्याहून मामलेदार आले, चावडीवर वाचून दाखवून गेले. पाटलानं हात जोडले. उद्यापासून देऊळ सगळ्यांचं, म्हणाला. सकाळी आबांनी धुतलेलं धोतर नेसलं, नारळ घेतला. रस्ताभर त्यांचे ओठ हलत होते.

दार सताड उघडं. गाभारा रिकामा.

रातोरात देवाचा मुखवटा पाटलाच्या घरी नेला होता. चौथऱ्यावर तेलाचा डाग तेवढा उरला होता, आणि खाली आमच्या वहाणा. तळ कोरे. त्या घालून कुणी पाऊलभरही चाललं नव्हतं. गावाची राखण करणारा देव एका चांभाराला भिऊन पळाला, तोही अनवाणी.

पाटील देवळाच्या अंगणात उभाच होता.

"कायद्यानं देऊळ दिलं," तो म्हणाला. "द्येव आमचा हाय."

आबा नारळ धरून रडत होते. मला रडू आलं नाही, चीड आली. मी वहाणा उचलल्या आणि त्यांच्या पायांपुढं ठेवल्या.

"घाला."

"द्येवाच्या हायत, पोरी."

"तुमच्या मापाच्या हायत."

घातल्या. बसल्या. बसणारच. आम्ही वरच्या आळीतूनच परत आलो, त्या करकर वाजत होत्या. संध्याकाळी घरावर दगड आले, कौलं फुटली. आबांनी वहाणा काढल्या नाहीत.

पुढच्या जत्रेच्या तोंडावर गुरव आमच्या अंगणाबाहेर येऊन उभा राहिला. वहाणांशिवाय जत्रा कशी व्हायची, म्हणाला. आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी हातातली चामडं कापायची रापी खाली ठेवली.

"द्येवाला हितं धाडा," मी म्हटलं. "माप घ्यावं लागंल."

तो आल्या पावली गेला. वहाणा दुसऱ्या गावाहून आणल्या म्हणे. आणू देत. त्यानंतर आमच्या घरातून बिनमापाची वहाण बाहेर पडली नाही. ज्याला हवी त्यानं आमच्या दारात यायचं, माझ्यासमोर बसायचं, पाय पुढं करायचा. मगच मी चामडं कापणार. मग तो पाटील असो, नाहीतर देव.