पुरे ना?

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही — आणि ते तर त्याच टेबलाशी बसून जेवत होते.

आपल्याकडे वाढताना आग्रह करतात. तुम्हा दूर वाढलेल्या मुलांना तो जाच वाटतो, पण वाढणारीची माया त्यातच असते. तिकडे उत्तरेत, आमच्या इंदिरा नगरच्या घरी मी सगळ्यांना आग्रह करायची. समोरच्या मिश्रा भाभींना पुरणपोळी वाढताना 'अजून अर्धी' ठरलेली. तुमच्या मामाला तर मी न विचारताच वाढायची. फक्त तुमच्या आईला — नेहाला — विचारायची, "पुरे ना?"

दोनच शब्द. त्यात काय एवढं? स्वतःला मी हेच सांगत आले.

नेहा तेव्हा कॉलेजात होती, अंगानं भरलेली. स्थळं पाहायला सुरुवात झाली होती. एका रविवारी कानपूरचे मराठी पाहुणे तिला बघायला आले, जेवायलाच थांबले. मिश्रा भाभी मदतीला आल्या होत्या. त्या हसत म्हणाल्या, "बिटिया तो खाते-पीते घर की है, भई!" सगळे हसले. नेहाही हसली, आणि तिनं श्रीखंडाच्या वाटीकडे हात नेला. मी — सगळ्यांदेखत — ती वाटी उचलून तिच्या भावाच्या ताटात ठेवली. म्हणाले, "तिचं झालंय."

झालं नव्हतं. नुकतंच तर वाढलं होतं.

तिच्या तब्येतीची काळजी होती का मला? नाही. मला तिची लाज वाटत होती.

पाहुण्यांनी नकार कळवला. तो मी विसरले. नेहा मात्र आमच्याबरोबर जेवायला बसेनाशी झाली. "तुम लोग खा लो, आई, मी नंतर घेते." एका दुपारी ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्यानं गार पोळी तोंडात कोंबताना दिसली. मी आल्या पावली परत फिरले. आणि मला बरं वाटलं — हो, बरं वाटलं — की निदान दुसऱ्या कुणी पाहिलं नाही. पुढे ती वाळत गेली, तशा बायका मला विचारू लागल्या, काय खायला घालता हो तिला? ते कौतुकही मी घेतलं.

गेल्या सुट्टीत तुम्ही आलात. ईशान, तू जेवता जेवता विचारलंस, "आजी, मम्मा हमारे साथ क्यों नहीं खाती?" ती आत ओट्याशी होती. तिला ऐकू जात होतं, हे मला ठाऊक होतं. मी म्हणाले, "तिला लहानपणापासून भूकच कमी रे."

ती दारात आली. माझ्याकडे बघितलं. मग तुला म्हणाली, "हो, आजी बरोबर सांगते."

मी तुमच्या ताटात भात वाढत राहिले.