पहिले माह्या हातावर

"थांबा नं वं ताई, पहिले माह्या हातावर," असं म्हणून ती बाही वर सरकवायची आणि कोपराच्या आतल्या बाजूला नव्या क्रीमचा ठिपका लावायची. ठिपक्याभोवती पेनाने गोल काढायची. एक दिवस तो भाग कोरडा ठेवायचा. खाज नाही, आग नाही, लाली नाही, तरच ते क्रीम गिऱ्हाइकाच्या तोंडाला. लग्नसराईत तिच्या हातावर असे चार-चार गोल असत.

तुमच्याही गल्लीत अशी एक असेल. आमच्या धरमपेठेतल्या गल्लीत तिचं पार्लर पुढच्या खोलीत आणि बिऱ्हाड मागच्या खोलीत होतं. माहेर उमरेडचं, विणकरांचं. भुवया कोरताना दोऱ्याचं टोक दातात धरूनच ती सांगायची, "घरचा माग गेला ताई, पन सूत काही सुटलं नाई."

मला याद्या करायची सवय. तिच्या फळीवरच्या बाटल्या कधीपर्यंत चालतील, त्या तारखांची यादी मीच करून भिंतीला लावली होती. ती मला 'इन्स्पेक्टर' म्हणायची आणि त्या दिवशी चहात साखर जास्त घालायची.

रंगाने ती सावळी होती. समोरच्या काकू खुर्चीत बसल्या बसल्या म्हणायच्या, "तुह्याच तोंडाले उजेड नाई, तं आमचं काय उजळवतं वं?"

"दिव्याखाली अंधारच राहते, काकू," ती हसून म्हणायची. त्या गेल्या की आरसा पुसायची. स्वच्छ असला तरी पुसायची.

मग गांधीबागेतल्या एका ठोक दुकानातून तिने ती पांढरी डबी आणली. डबीवर नाव नाही, आत काय आहे ते नाही, तारीख नाही. तारखेच्या रकान्यात मी प्रश्नचिन्ह टाकलं आणि पुढच्या बाटलीकडे वळले. तिने नेहमीप्रमाणे हातावर गोल काढला. काहीच झालं नाही. मग ती ते रोज चेहऱ्याला लावू लागली. महिन्याभरात चेहरा असा उजळला की काकूंनीच विचारलं, "काय लावून राहिली वं?"

तरी तिने लगेच कोणाला दिलं नाही. तीन महिने स्वतः वापरलं, मगच दिलं. तिच्या हिशेबाने ही सावधगिरीच होती. तुम्ही-आम्हीही शाबासकीच दिली असती.

पावसाळ्यात तिचे पाय सुजले. "दिवसभर उभी राहते नं मी," ती म्हणाली. चेहराही फुगला. गिऱ्हाइकं म्हणाली, चांगली भरली. लघवीला फेस येतो हे तिने मला दोन महिन्यांनी सांगितलं, तेही हसत, साबणाची जाहिरात केल्यासारखं. मी दुसऱ्याच दिवशी तिला दवाखान्यात नेलं. मूत्रपिंडातून प्रथिनं वाहून चालली होती. डॉक्टरांनी विचारलं, कसलं औषध चालू आहे का? ती म्हणाली, नाही.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अगं, ती डबी?"

"क्रीमले औषध काहून म्हनू?"

मी फळीवरच्या सगळ्या बाटल्या पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ठेवल्या. तपासणीत त्या पांढऱ्या डबीत पारा निघाला.

"पारा त थर्मामीटरात राहते नं?" तिने विचारलं. मग बाही वर सरकवून तिने कोपराची आतली बाजू बघितली. "हातावर त काहीच नाई झालं, डॉक्टरसाहेब."

हातावर एका दिवसात दिसतं ते कातडीचं, ते म्हणाले. हे आत मुरतं, महिन्यांनी कळतं.

ती रडली नाही. तिला भरती करून घेतलं, तशी दवाखान्याच्या खाटेवर बसली आणि म्हणाली, "ताई, यादी करा."

तिने एकोणीस नावं सांगितली. कोणाला डबी दिली, कोणाला नुसता लेप. मी फोन लावायचे, बोलायची मात्र ती. "वापरू नका. लघवी तपासून घ्या." काहीजणी हसल्या. एकीने फोन ठेवून दिला. लकडगंजच्या एका नवरीने विचारलं, "पन फरक पडला नं, एखादी डबी उरली हाय काय?" त्यावर ती इतकी ओरडली की नर्स धावत आली.

यादीतलं शेवटचं नाव तिच्या भाचीचं होतं. उमरेडच्या भावाची मुलगी. साखरपुड्याला आत्याने हौसेने डबी दिली होती. तिच्याही लघवीत दोष निघाला. क्रीम बंद केल्यावर तो कमी होत गेला. बहुतेकांचा होतो, असं डॉक्टर म्हणाले होते. आत्याचा झाला नाही. दिवाळीनंतर तिला जंतुसंसर्ग झाला आणि चार दिवसांत ती गेली. शुद्धीत असेपर्यंत एकच विचारत होती, "पोरीचा रिपोर्ट आला काय?"

तेराव्याला मी उमरेडला गेले. भाची दारातच भेटली. सकाळीच रिपोर्ट आला होता, अगदी चांगला. तिने तो कागद मला दाखवला, मग कोणाला दाखवावा ते न सुचून घडी घालून मुठीत धरला.

आत पाटावर फोटो होता. घरच्यांनी पावसाळ्याआधीचा, तिच्या उजळ चेहऱ्याचा निवडला होता. हार घालणाऱ्या बायका म्हणत होत्या, किती छान दिसते.

"मावशी," भाची हळूच म्हणाली, "आत्याचा पहिलेचा फोटो हाय काय तुमच्याजवळ? खऱ्या रंगातला?"

मी फोन काढला. अकरा वर्षं दर महिन्याला मी तिच्या खुर्चीत बसत होते. किराण्याच्या याद्या होत्या, औषधांच्या चिठ्ठ्या होत्या, तिच्याच भिंतीवरच्या यादीचे तीन फोटो होते. मी वर वर सरकवत राहिले. भाची माझ्या खांद्याशी उभी राहून बघत होती. तिचा एकही नव्हता.