कुन्झेस आबीचं "नको"

लेहच्या राजवाड्याखालच्या आळीत कुन्झेस आबीचं, म्हणजे कुन्झेस आजीचं, घर. नवरा गेला तेव्हा ती तिशीची होती. पोरगा पुंचोक पाठीला बांधून तिनं बाजारात जमिनीवर बसून कोबी, सलगम विकले, त्याला शिकवलं. तो चंदीगडला नोकरीला गेला तो तिकडचाच झाला. आबीनं कुणापुढे कधी हात पसरला नाही. कुणी आपणहून काही देऊ केलं तरी आधी "नको" म्हणायची. तसं इथं सगळेच म्हणतात. चहासुद्धा दोनदा नाकारायचा आणि तिसऱ्या आग्रहाला घ्यायचा, नाहीतर माणूस हावरट ठरतो.

यंदा पुंचोकची मुलगी जिग्मेत आली, जन्मात पहिल्यांदा. बावीस वर्षांची घोडी, गळ्यात कॅमेरा, आणि स्वतःच्या आजोबांच्या गावात मोबाइलवर नकाशा बघत फिरायची! महिनाभरात तिनं राजवाडा, बौद्ध मठ म्हणजे गोंपा, मशिदीमागची रोटीवाल्यांची गल्ली, सगळं पालथं घातलं. संध्याकाळी मात्र येऊन आबीच्या मांडीवर डोकं टाकायची. आबीला घर भरल्यासारखं वाटायचं.

जायच्या आठवड्यात ती म्हणाली, "आबी, हिवाळाभर राहू का तुझ्याजवळ? माझं काम काय, इथूनही होईल."

आबीला केवढा आनंद झाला! पण तोंडातून सवयीनं निघालं, "छे गं! नळ गोठतात इथं. तुझे हाल कशाला?"

"बरं," म्हणाली पोरगी, आणि तिकीट काढून मोकळी झाली.

आबी चार दिवस वाट बघत राहिली, की ही पुन्हा विचारेल. "यंदा गोवऱ्या जरा जास्तच भरल्यात," असंही म्हणून पाहिलं. पोरगी कसली समजतेय! "छान झालं, तुला ऊब राहील," म्हणाली.

शेजारीण छोरोल करवादली, "अगं, ती खालच्या मुलखात वाढलेली. तिला एकदा नको म्हणजे नकोच. सरळ बोल की!"

"मी मागू? या वयात?"

"मग बस कुढत एप्रिलपर्यंत!"

निघायच्या सकाळी टॅक्सी खाली येऊन थांबली. आबी निरोपाचा पांढरा रेशमी शेला, खतग, घेऊन जिन्याखालच्या दारात उभी राहिली. तो पोरीच्या गळ्यात घालायचा, की झालं. पण हात वर जाईनात.

"राहा गं," ती एकदम म्हणाली. "मी खोटं बोलले. मला एकटीला हिवाळा जात नाही."

जिग्मेतनं हातातली बॅग खाली ठेवली. "मग त्या दिवशी नको का म्हणालीस?"

"तू परत विचारशील असं वाटलं होतं."

पोरीचा चेहरा रडवेला झाला. "मला वाटलं, तुला मी नकोच आहे. चार रात्री झोपले नाही मी, आबी."

आबीच्या मनात आलं, आपल्या चांगल्या वळणापायी या लेकराला आपण केवढं दुखवलं! तिनं पोरीला छातीशी घट्ट धरलं.

बाहेर टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला. छोरोल खिडकीतून ओरडली, "जा रे बाबा, रिकामाच जा!"

आबीनं जिग्मेतची जड बॅग स्वतः उचलली आणि धापा टाकत जिना चढू लागली.