समोरच्या दवाखान्याचं घड्याळ

प्रसूतिगृहाच्या समोर घर असलेल्या बाईला वर्तमानपत्र लागत नाही. मी तिसरीपर्यंत शिकले, पण समोरच्या दारातून कोण आत गेलं, कोण रडत बाहेर आलं, कोणी पेढे वाटले आणि कोणी मुलगी झाली म्हणून नुसतीच साखर वाटली, हे सगळं मला तोंडपाठ! असे किस्से मुद्दाम कुठे गोळा करावे लागतात? चिंच निवडत ओट्यावर बसलं की आपोआप पदरात पडतात.

कुंभकोणमला ओट्याला तिण्णै म्हणतात. आमचे पूर्वज मराठा राजांच्या काळात इकडे आले. घरात मराठी टिकली, पण ओट्याचा तिण्णै झाला तो झालाच. तर गावातल्या मेलकावेरी भागात आमच्या तिण्णैसमोर सहा खाटांचं प्रसूतिगृह होतं. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. सगळा कारभार सिस्टर अंबुजम यांच्या हाती. उंच, काळ्यासावळ्या, कमी बोलणाऱ्या. हाताखाली अंजलै नावाची आया, ती सिस्टरच्या वाटणीचंही बोलायची. आणि या दोघींच्या डोक्यावर म्युनिसिपालिटीचे हेल्थ इन्स्पेक्टर वैद्यनाथन सार; इकडे सरांना सारच म्हणतात. दवाखाना नियमाने चालतो की नाही हे बघायचं, आणि दरवर्षी परवानगीच्या कागदावर सही करायची किंवा करायची नाही, हे त्यांचं काम.

*

सारांची तपासणी 'अचानक' असायची. केव्हा येतील, कोणालाच ठाऊक नसावं असा सरकारी नियम.

पण सार राहुकाळात कुठलंही शुभकार्य करत नसत, आणि तपासणी हे त्यांच्या मते शुभकार्य! एका सोमवारी सकाळी आठलाच सायकलवरून आले. खिशातलं छोटं पंचांग बघितलं, कपाळाला हात लावला आणि सरळ आमच्या तिण्णैवर येऊन बसले.

"अम्मा, राहुकाळ नऊपर्यंत आहे. थोडा वेळ बसतो."

मी कॉफी दिली. समोर अंजलैने सारांना बघितलं मात्र, चादरी बदलल्या, खिडक्या पुसल्या, पाणी उकळलं, मांजर हाकललं. नऊ वाजता सार उठले, टोपी नीट केली आणि जोरात म्हणाले, "अचानक तपासणी!"

अंजलै दारातच उभी होती. म्हणाली, "या सार, तुमचीच वाट बघत होतो."

*

मग वरून हुकूम आला की रोग्यांना आपली गाऱ्हाणी सांगता यावीत म्हणून प्रत्येक दवाखान्यात एक तक्रारपेटी ठेवा. सारांनी स्वतः सुताराकडून करवून घेतली. सागवानी, वरती चीर, खाली कुलूप. दाराशी ठेवली.

आमच्या गावात पावला-पावलावर देऊळ. कुलूपबंद आणि वरती चीर असलेली पेटी म्हणजे काय, हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही! दुसऱ्या दिवशी पेटीला कुंकू लागलं. तिसऱ्या दिवशी मोगऱ्याची माळ. मंगळवारी कोणी तरी पुढे लिंबू ठेवलं.

महिन्याने सारांनी पेटी उघडली. आत चौदा चिठ्ठ्या. चष्मा लावून मोठ्याने वाचायला लागले, "आई, या खेपेला मुलगा दे, तुला चांदीचा पाळणा वाहीन." दुसरी, "सुनेचा राग कमी कर." तिसरी, "नवऱ्याची बदली थांबव."

"सिस्टर," सार म्हणाले, "यात तक्रार एकही नाही!"

"आहे सार. ती शेवटची."

शेवटच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, 'अंजलै पहाटे फार मोठ्याने गाते. समोरच्यांची झोप मोडते.' खाली सही नव्हती, पण चिठ्ठीला चिंचेचा डाग होता. सगळ्यांनी समोर तिण्णैवर बसलेल्या माझ्याकडे बघितलं!

अंजलैने त्यानंतर गाणं कमी केलं नाही. उलट माझ्या खिडकीखाली येऊन गायला लागली.

*

जमीन फिनाइलने धुवायची, हा दुसरा नियम. पण चोळपुरम्‌हून येणाऱ्या बायकांच्या सासवा सांगायच्या, शेणाने सारवल्याशिवाय आमची सून आत पाऊल टाकणार नाही. सार म्हणाले, शेण दिसलं तर परवानगी रद्द. अंजलैने दोघांचं ऐकलं आणि शेणात फिनाइल कालवलं!

दारात पाय ठेवताच सारांनी नाकाला धोतराचा सोगा लावला. "हे काय आहे?"

"निम्मं सरकारचं, निम्मं सासूचं, सार."

सारवलेलं सगळं सारांनी समोर उभं राहून खरवडून घेतलं. नुसत्या फिनाइलचं पाणी फिरेपर्यंत हलले नाहीत. सासवा महिनाभर बोलल्या नाहीत, पण त्या वर्षी एकाही बाळंतिणीला ताप आला नाही. हे मीही मान्य करते.

*

बाळंतपणाच्या खोलीच्या दारावर एक ठोक्यांचं घड्याळ होतं. ते बघून सिस्टर वहीत जन्माची वेळ लिहायच्या. एकदा सारांनी आपलं मनगटी घड्याळ त्याच्यासमोर धरलं, आणि त्यांचा चेहरा लाल झाला. भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं मागे!

"सिस्टर! वेळ चुकली की पत्रिका चुकते. पत्रिका चुकली की लग्न चुकतं. या गावातली निम्मी लग्नं तुमच्या या खिळ्यावर टांगलेली आहेत, समजलं?"

घड्याळजी बोलावून ते दुरुस्त करवून घेतलं. वर हुकूम असा की रोज सकाळी रेडिओच्या वेळेशी ते लावायचं. आता रस्त्यात रेडिओ एकट्या आमच्याकडे. तेव्हा रोज सकाळी रेडिओ वेळ सांगायचा, मी तिण्णैवरून ओरडायचे, "सिस्टर, आता!" आणि अंजलै स्टुलावर चढून काटा लावायची. आमचे हे म्हणायचे, "सरकारने तुझ्या आवाजाचा उपयोग शोधला."

एक मात्र झालं. लोक सिस्टरकडे येऊन पुटपुटायचे, जरा पाच मिनिटं इकडे करा, नक्षत्र बदलतं. सिस्टर घड्याळाकडे बोट दाखवायच्या आणि आत निघून जायच्या. शेवटी लोकांनी विचारणंच सोडलं.

*

आता आमच्यावर जे आलं ते सांगते. खाटा सहा, म्हणजे बाळंतिणी सहाच, हा सगळ्यात कडक नियम. पण मंगळवारी आणि शुक्रवारी बाळंतीण घरी न्यायची नाही हा आमच्या गावचा नियम, आणि तो सरकारच्या आधीचा! एका मंगळवारी सहा खाटांना नऊ बायका झाल्या. नेमके त्याच दिवशी सार दिसले. राहुकाळ होता म्हणून तिण्णैवर टेकले, तेवढ्यात मागच्या दाराने अंजलैने तीन बाळंतिणी माझ्या माजघरात आणून सोडल्या.

सार कॉफी पीत होते. आतून बाळ रडलं.

"अम्मा, घरी कोणी आलंय?"

"नणंद आहे, सार. बाळंतपणाला."

दुसरं बाळ रडलं.

"जुळी का?"

"हो, सार!"

तिसरं रडलं. सारांनी पेला खाली ठेवला, माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "अजून किती आहेत, अम्मा? म्हणजे मी तेवढा वेळ बसतो."

त्या दिवशी हसणं तिथेच संपलं. सारांनी शेवटची ताकीद लिहून दिली. आणखी एक चूक सापडली की परवानगी नाही, दाराला कुलूप. सिस्टरनी कागद घडी करून कनवटीला लावला. दवाखान्याच्या मागच्या खोलीतच राहायच्या त्या, दुसरं घर नव्हतं. आणि आमचं काय? माझ्या पहिल्या खेपेला समोर हे दार नव्हतं. अंधारी खोली होती, आणि ते मूल माझ्या हाती लागलं नाही. त्या मंगळवारनंतर मी कधी सारांशी खोटं बोलले नाही. एकदा केलं तेवढं पुरे झालं.

*

परवानगीची मुदत संपत आली. सारांनी निरोप धाडला, शुक्रवारी येतो. शुक्रवारी राहुकाळ साडेदहा ते बारा, म्हणजे बारानंतर येणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. त्यामुळे पावणेअकराला अंजलै ओले केस सोडून निवांत बसली होती.

तेवढ्यात एक जटका, म्हणजे इकडचा टांगा, भरधाव आला. आत सार! अंगात नुसतं बनियन, पायात काही नाही, काखेत कागदांची पिशवी. मागे त्यांची मुलगी, माहेरी पहिल्या बाळंतपणाला आलेली, कळांनी कासावीस. मोठ्या इस्पितळापर्यंत पोहोचणं शक्य नव्हतं. सार पायरीशी आले आणि एक पाय वर ठेवून थांबले. राहुकाळ!

"अप्पा!" मुलगी किंचाळली.

सार आत गेले. मागोमाग मीही.

सहावी खाट रिकामी होती, देवाची कृपा. अर्धा तासही झाला नसेल, बाळ रडलं. मुलगी! सिस्टरनी घड्याळाकडे बघितलं. अकरा वाजून बारा मिनिटं.

"अम्मा, पंचांग आहे का?" सारांनी मला विचारलं. त्यांचं घरीच राहिलं होतं. मी खिळ्यावरचं आणून दिलं. त्यांनी बोट फिरवलं, आणि बोट एका ओळीवर थांबलं. अकरा अठरापर्यंत आश्लेषा. आमच्याकडे आश्लेषाची मुलगी सासूच्या मुळावर येते म्हणतात, सासू असलेलं घर तिला सून करून घेत नाही. अकरा अठरानंतर मघा. मघाची मुलगी म्हणजे राणी! सहा मिनिटांचा खेळ.

सारांनी पंचांग मिटलं. मग अगदी हळू म्हणाले, "सिस्टर, हे घड्याळ दहा मिनिटं मागे होतं ना?"

"होतं, सार. तुम्ही दुरुस्त करवून घेतलंत."

"पुन्हा मागे पडलं असेल."

सिस्टरनी त्यांच्या पिशवीकडे बघितलं. परवानगीचा कागद वरतीच दिसत होता, कोरा. 'असेल, सार' एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवलं.

सार माझ्याकडे वळले. "अम्मा, आज सकाळी रेडिओ लावला होता?"

"लावला होता, सार."

"आणि हाक?"

"मारली होती."

कोपऱ्यातून अंजलै म्हणाली, "मी स्टुलावर चढले होते, सार. छोटा काटा, मोठा काटा, दोन्ही."

सिस्टरनी जन्माची वही त्यांच्यापुढे केली, वर लेखणी ठेवली. "वेळ तुम्हीच लिहा, सार."

सारांनी लेखणी उचलली. भिंतीकडे बघितलं, नातीकडे बघितलं, पुन्हा भिंतीकडे. मग ठळक अक्षरात लिहिलं, ११.१२.

"आणि सही, सार?" अंजलैला राहवलं नाही. "परवानगीची?"

"राहुकाळात?" सार ओरडले. "डोकं फिरलंय का तुझं?"

ते आमच्या तिण्णैवर येऊन बसले, तसेच बनियनवर. मी कॉफी दिली. प्यायले नाहीत, नुसती हातात धरून बसले. समोर दारात सिस्टर उभ्या, शेजारी अंजलै.

समोरच्या घड्याळाचे ठोके पडायला लागले. मी बारा मोजले. सारांचं मनगट रिकामं होतं, म्हणून मी उठून रेडिओकडे निघाले, वेळ बरोबर आहे ना ते बघायला.

"कशाला, अम्मा?" सार म्हणाले. थंड कॉफी एका घोटात संपवली, कागद काढला आणि रस्ता ओलांडून गेले.